जागा राखीव, पण प्रयोगशाळेत?

जॉन कॉर्नफोर्थ सिडनी विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्यांना वर्गातली व्याख्यानं ऐकू येत नसत. विशीत ऐकणं पूर्णच थांबलं. मूळ शोधनिबंध वाचत, हातानं प्रयोग करत ते रसायनशास्त्र शिकले आणि १९७५ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण प्रत्येक कर्णबधिर विद्यार्थ्याकडून एवढी जिद्द मागणं हा अन्याय आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. आता चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पही करता येतो. पण संशोधनाचं बरंचसं शिक्षण कानावर पडून होतं: शेजारच्या टेबलावरची चर्चा, सरांनी जाता जाता केलेली सूचना, फसलेल्या प्रयोगावरचा वाद. ज्याला हे ऐकू येत नाही, त्याच्या वाट्याला बाटल्या धुणं आणि आकडे उतरवणं उरतं.

सांकेतिक भाषेचा दुभाषी नेमला की काम संपत नाही. विद्यार्थी एका वेळी पिपेट पाहील किंवा दुभाष्याचे हात. म्हणून मार्गदर्शकानं आधी सांगावं, थांबावं आणि मग करून दाखवावं. बैठकीत एका वेळी एकानंच बोलावं. प्रयोगाची कृती दुभाष्याला आदल्या दिवशी द्यावी, कारण त्यानं जीवरसायनशास्त्र शिकलेलं नसतं. धोक्याच्या भोंग्याला लुकलुकणारा दिवा जोडावा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, सवय बदलावी लागते.

जिथे पैसे लागतात, तिथे ते संस्थेनं द्यावेत. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या नॅशनल टेक्निकल इन्स्टिट्यूट फॉर द डेफचे विद्यार्थी रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान विद्यापीठात ऐकू येणाऱ्यांसोबत शिकतात. दुभाषी आणि बोलणं तत्काळ लिहून दाखवणारी सोय पुरवणं ही तिथे संस्थेची जबाबदारी आहे. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचा १० हजार शब्दांचा कोश २०२१ पर्यंत तयार झाला. त्यात नसलेल्या शब्दांसाठी विद्यार्थी, दुभाषी आणि मार्गदर्शक यांनी मिळून खुणा ठरवाव्यात; त्यात विद्यार्थ्याचा शब्द अखेरचा असावा.

विद्यापीठांकडे माझी मागणी साधी आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात रसायनांच्या खर्चाखालीच दुभाष्याच्या मानधनाची ओळ असावी. आणि हे चौथ्या वर्षाची वाट न पाहता, पहिल्या प्रॅक्टिकलपासून सुरू व्हावं. तीन वर्षं ज्याला चर्चेबाहेर ठेवलं, त्याच्याकडून चौथ्या वर्षी संशोधनाची अपेक्षा कशी करणार?