विकले, पण सोडले नाही

२०२५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील बोस या विख्यात ध्वनियंत्र कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सूचना दिली. २०१३ पासून ‘साउंडटच’ या नावाने विकल्या गेलेल्या तिच्या स्मार्ट स्पीकरांना कंपनीच्या सर्व्हरकडून मिळणारी सेवा १८ फेब्रुवारी २०२६ रोजी बंद होणार होती. त्या दिवशी एकाही घरातील एकाही स्पीकरात बिघाड होणार नव्हता. आतील चुंबक, पडदा, तारा, लाकडी वा धातूची पेटी, सारे काही शाबूत राहणार होते. तरीही एक बटण दाबताच आवडते रेडिओ केंद्र लागावे, ॲपच्या साहाय्याने हवे ते संगीत निवडता यावे, ज्या सोयींसाठी लोकांनी शेकडो डॉलर मोजले होते, त्या सोयी जाणार होत्या. मागे उरणार होता तो तार किंवा ब्ल्यूटूथ जोडून वाजवायचा एक साधा स्पीकर.

ग्राहकांनी गदारोळ केला. जानेवारी २०२६ मध्ये कंपनी नमली. मुदत ६ मे २०२६ पर्यंत वाढवण्यात आली, सर्व्हरच्या मदतीविना घरातल्या घरात चालेल असे ॲप देण्याचे मान्य करण्यात आले आणि स्पीकरशी जोडणी करण्याची तांत्रिक माहिती सर्वांना खुली करण्यात आली. ऑक्टोबरात जे कंपनीने देऊ केले नव्हते ते जानेवारीत देता आले. मधल्या तीन महिन्यांत विज्ञानाने काही नवा शोध लावला नव्हता. फरक पडला तो ग्राहकांच्या एकत्रित आवाजाने.

विक्री थांबल्यानंतर अशी वस्तू किती काळ चालली पाहिजे, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या घटनेने उभा केला आहे. तो वरकरणी किरकोळ वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे.

जुना रेडिओ संच आठवावा. त्याचा व्हॉल्व्ह जळे, तार तुटे, पडदा फाटे. हा बिघाड वापराने होई आणि कोपऱ्यावरच्या दुकानातील कारागीर तो दुरुस्त करी. संच बनवणारी कंपनी बुडाली तरी आकाशवाणीच्या लहरी त्या संचात येतच राहत. विक्रीचा व्यवहार पुरा झाला की विकणाऱ्याचा हात वस्तूवरून निघे. स्मार्ट स्पीकरच्या बाबतीत तो निघत नाही. या यंत्राचे कान आणि तोंड ग्राहकाच्या घरात असतात, परंतु मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर असतो. घरात उच्चारलेली आज्ञा इंटरनेटवरून त्या सर्व्हरकडे जाते, तिचा अर्थ बहुतांशी तिथे लावला जातो आणि उत्तर परत येते. तेव्हा विकत घेतली जाते ती अर्धी वस्तू. उरलेली अर्धी कंपनीच्या मर्जीवर उधार मिळते, आणि ही उधारी केव्हा संपेल हे खोक्यावर लिहिलेले नसते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा १८४ इंटरनेट-जोडणीच्या वस्तूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के वस्तूंच्या संकेतस्थळांवर सॉफ्टवेअरचे पाठबळ किती काळ मिळेल याचा उल्लेखच नव्हता. खरेदीच्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची अट अशा रीतीने खरेदीदारापासून दडलेली राहते.

वस्तूचे आयुष्य हेतुपुरस्सर तोडण्याची कल्पना नवी नाही. १९२४ साली विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणले, आणि ज्या कारखान्याचे दिवे त्याहून फार अधिक टिकत त्याला दंड ठोठावण्याची व्यवस्था केली. त्या काळी मक्तेदारांना दिव्याची तारच अल्पायुषी करावी लागली. आता तेवढेही कष्ट नकोत. वस्तू कितीही टिकाऊ असो, दूरच्या कचेरीतील एका निर्णयाने एकाच दिवशी तशा लाखो वस्तू निकामी करता येतात.

सोनोस या कंपनीचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात तिने जुने स्पीकर असणाऱ्यांना नव्या खरेदीवर ३० टक्के सवलत देऊ केली. अट अशी की जुन्या स्पीकरात एक विशिष्ट आज्ञा सुरू करायची. ती सुरू केली की २१ दिवसांनी तो स्पीकर कायमचा निरुपयोगी होई. चालू स्थितीतील वस्तू गरजू माणसाला देता येऊ नये, जुन्या बाजारात विकता येऊ नये, ती भंगारातच जावी, अशी ही योजना, आणि तिला नाव मात्र पुनर्वापराचे! त्यावर टीकेची झोड उठली आणि मार्च २०२० मध्ये कंपनीला ती अट मागे घ्यावी लागली. दरम्यान जानेवारी २०२० मध्ये याच कंपनीने आपल्या काही जुन्या उत्पादनांची सॉफ्टवेअर-सुधारणा मे महिन्यापासून थांबवण्याचे जाहीर केले होते. दोनच दिवसांत तिच्या मुख्याधिकाऱ्याला जाहीर क्षमा मागावी लागली, आणि नव्या सुविधा मिळाल्या नाहीत तरी जुने स्पीकर चालू राहतील, सुरक्षेच्या दुरुस्त्या शक्य तितका काळ मिळत राहतील, असे आश्वासन द्यावे लागले.

गूगलच्या ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ या उपकरणाची हकीकत निराळ्या प्रकारची आहे. साध्या स्पीकरला इंटरनेटशी जोडणाऱ्या या उपकरणाचे उत्पादन २०१९ च्या आरंभी थांबले. पुढेही ते असंख्य घरांत बिनतक्रार चालत होते. परंतु मार्च २०२५ मध्ये एके दिवशी ते एकाएकी जगभर बंद पडले. त्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती आणि ते नवे करण्याचे कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते. ओरड होताच आठवड्याभरात दुरुस्ती पाठवण्यास सुरुवात झाली आणि उपकरणे पुन्हा बोलू लागली. विक्री थांबलेल्या वस्तूकडे कंपनीचे लक्ष कसे उडते, आणि मनात आणले तर तीच वस्तू किती अल्प श्रमात जिवंत ठेवता येते, या दोन्ही गोष्टी त्या एका आठवड्यात दिसून आल्या.

कंपन्यांचे म्हणणे अर्थात विचारात घेतले पाहिजे. पहिले म्हणणे असे की जुन्या यंत्राची स्मरणशक्ती व गणनशक्ती तोकडी असते, नव्या सुविधा तिला पेलत नाहीत. हे खरे आहे. परंतु नव्या सुविधा कोण मागतो? खरेदीच्या दिवशी जे काम यंत्र करीत होते तेवढेच त्याने करीत राहावे, इतकीच मागणी आहे. दुसरे म्हणणे सुरक्षेचे. जुने सॉफ्टवेअर चोरट्यांना वाट करून देते, म्हणून ते बंद करणेच हिताचे, असे सांगितले जाते. परंतु घराच्या दाराचे कुलूप जुने झाले म्हणून कोणी घर पाडत नाही. धोका असेल तर कुलूप बदलावे, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती पाठवावी. ज्या यंत्राला घरातील बोलणे ऐकू येते ते दुरुस्तीविना वाऱ्यावर सोडणे हाच मोठा धोका आहे.

तिसरे म्हणणे खर्चाचे आहे आणि तेच खरे कारण आहे. स्पीकर एकदाच विकला जातो, सर्व्हरचा खर्च मात्र दरमहा येतो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०२४ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार ॲमेझॉनच्या उपकरण विभागाला २०१७ ते २०२१ या काळात २,५०० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बोलका स्पीकर स्वस्तात घरोघर पोचवावा, मग त्याच्या तोंडून माल खपवावा, असा तो व्यापारी डाव होता. डाव फसला तर तोटा डाव मांडणाऱ्याने सोसावा, हा भांडवलशाहीचाच स्वतःचा नियम आहे. नफा भागधारकांचा आणि फसलेल्या डावाची भरपाई ग्राहकाच्या घरातून, हा न्याय कोणता? सेवेचा दीर्घकालीन खर्च किमतीत धरणे शक्य आहे. तसे केल्याने वस्तू थोडी महाग झाली, तर ती तिची खरी किंमत आहे असे समजावे. आज ती किंमत दडवली जाते आणि अन्य कोणीतरी ती मोजतो.

तो अन्य कोणी कोण? संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यापैकी २२.३ टक्के कचराच रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत मजूर उघड्या हातांनी अशी यंत्रे फोडतात, तारा जाळून तांबे काढतात आणि तो धूर छातीत घेतात. स्पीकर ज्या हातांनी जोडला ते कामगाराचे, ज्या हातांनी फुटला तेही कामगाराचे. तो किती दिवस टिकावा हे ठरवताना या दोघांपैकी एकालाही विचारले जात नाही.

कायद्याची गती मंद असली तरी दिशा दिसू लागली आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेट-जोडणीच्या वस्तूंना सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. परंतु तो काळ किती असावा हे तो कायदा सांगत नाही. एक महिना असे जाहीर केले तरी त्याची पूर्तता होते. युरोपीय संघाचा २०२४ चा सायबर-सुरक्षाविषयक कायदा एक पाऊल पुढे जातो. त्याची प्रमुख बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची असून वस्तूचा अपेक्षित वापरकाळच कमी नसेल तर किमान ५ वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देणे त्यात आवश्यक ठरवले आहे. त्याचा रोख मात्र सुरक्षेवर आहे, सर्व्हरची सेवा चालू ठेवण्यावर नाही. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेले ई-कचरा नियम आहेत, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेले ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळही आहे. परंतु सॉफ्टवेअर व सेवेची किमान मुदत यांपैकी कशानेही ठरवून दिलेली नाही. २०१७ पासून भारतातही असे स्पीकर विकले जात आहेत. वस्तू मेल्यानंतर तिची विल्हेवाट कशी लावावी याचे नियम झाले, तिने किती जगावे याचे झाले नाहीत.

ही मुदत किती असावी? युरोपात २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्राचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या प्रकारचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. स्मार्ट स्पीकरच्या दृष्टीने सॉफ्टवेअर आणि सर्व्हर हे सुटे भागच होत. तेव्हा त्यालाही शेवटच्या विक्रीपासून १० वर्षांची मुदत मागणे अवाजवी नाही. ‘शेवटच्या विक्रीपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोजणी पहिल्या विक्रीपासून केली, तर ज्याने ते उत्पादन शेवटच्या महिन्यात सवलतीत घेतले, म्हणजे बहुधा ज्याची ऐपत कमी, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी आयुष्य येते.

परंतु केवळ वर्षे मोजून भागणार नाही. मुदत संपल्यावर काय, हेही कायद्याने सांगितले पाहिजे. सेवा थांबेल त्या दिवशी स्पीकरच्या किल्ल्या मालकाच्या हाती आल्या पाहिजेत. तार व ब्ल्यूटूथ यांवर तो कोणाच्याही परवानगीविना चालावा, घरातल्या जाळ्यावर तो नियंत्रित करता यावा आणि त्याची तांत्रिक माहिती खुली व्हावी, म्हणजे अन्य कारागीर त्याला नवा मेंदू बसवू शकतील. हे स्वप्नरंजन नव्हे. २०१७ साली बाजारात आलेल्या हरमन कार्डन कंपनीच्या ‘इन्व्होक’ स्पीकरमधून मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये आपली बोलकी सेवा काढून घेतली, तेव्हा निदान तो ब्ल्यूटूथ स्पीकर म्हणून चालत राहील अशी सुधारणा पाठवण्यात आली. बोसने २०२६ मध्ये माहिती खुली केली. जे काही कंपन्यांनी दबावाखाली किंवा सौजन्याने केले, ते सर्वांवर बंधनकारक करावे. कंपनी विकली गेली तर हे दायित्व खरेदीदाराकडे जावे. ती बुडाली तर माहिती हरवू नये यासाठी ती आरंभीच एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे ठेव म्हणून असावी. आणि विकलेली वस्तू दुरून निकामी करण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला कोणत्याही कारणास्तव नसावा.

कोणी कार्यकर्ता म्हणेल की हे सुखवस्तू घरातील खेळणे आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीने त्यात शक्ती का घालवावी? याचे एक उत्तर असे की अंध व्यक्तीला किंवा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेला, जिला केवळ बोलून दिवा लावता येतो आणि मुलाला हाक मारता येते, हे यंत्र खेळणे नव्हे. दुसरे उत्तर अधिक दूरचे आहे. सर्व्हरच्या दोरीने बांधून वस्तू विकण्याची ही रीत स्पीकरपाशी थांबणारी नाही. ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरील कुलपामुळे स्वतःचाच ट्रॅक्टर दुरुस्त करण्यासाठी अमेरिकेतील शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. उद्या पाण्याचा पंप, श्रवणयंत्र, शिलाई यंत्र याच मार्गाने गेले तर उत्पादनाच्या साधनावर घाम गाळणाऱ्याची उरलीसुरली मालकीही कागदापुरती राहील. खेळण्याच्या बाबतीत जो पायंडा मान्य केला जाईल तोच अवजाराच्या बाबतीत पुढे केला जाईल.

म्हणून कामाला आरंभ आजच करता येण्यासारखा आहे. १९७५ पासून सामूहिक खरेदीची परंपरा चालवणारी मुंबई ग्राहक पंचायत आणि गावोगावची ग्राहक मंडळे यांच्याकडे कार्यकर्त्यांनी हा विषय न्यावा. दुकानात स्पीकर घेणाऱ्याने किमतीबरोबर एक प्रश्न विचारावा: हा किती तारखेपर्यंत चालेल, आणि ते लिहून द्याल काय? दुकानदाराजवळ उत्तर नसेल, कारण कंपनीने त्याला ते दिलेले नाही. परंतु हाच प्रश्न हजार दुकानांतून विचारला गेला तर तो कंपनीपर्यंत पोचेल आणि कंपनीने तो टाळला तर विधिमंडळापर्यंत आणि संसदेपर्यंत नेता येईल. २०२० आणि २०२६ या दोन्ही वेळी कंपन्या माघारी फिरल्या त्या ग्राहक एकजुटीने बोलले म्हणून. मात्र प्रत्येक वेळी नव्याने ओरड करून मिळवलेली सवलत पुढच्या वेळी हिरावली जाऊ शकते. तीच कायद्यात लिहून घेतली की हक्क होते.