मॉरिशसचे चिपाड आणि आमचा ताळेबंद

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे नऊशे किलोमीटरवर, हिंदी महासागरात, ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून घडलेला मॉरिशस हा देश, त्याच्या ताब्यातील लहानसहान बेटे जमेस धरूनही, क्षेत्रफळाने जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहून किंचित मोठा आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. आणि त्याच्या भूमीत कोळसा नाही, खनिज तेल नाही. जे होते ते ऊस, आणि तोही डच वसाहतवाल्यांनी १६३९ मध्ये बाहेरून आणून लावलेला. अशा मुलखाने आपली वीज, आपली जमीन आणि आपला समुद्र यांचा निर्वाह दीर्घकाळ कसा करावा, या प्रश्नाचे जे उत्तर त्याने गेल्या साठ-सत्तर वर्षांत, अर्धेमुर्धे का होईना, शोधले, ते मुख्यत्वे साखर कारखान्याच्या बॉयलरघरात शोधले. आणि म्हणूनच त्याचा विचार पर्यावरण-परिषदांतील वक्त्यांवर न सोपविता या मासिकाच्या वाचकांनी, म्हणजे कारखान्यांचे मुख्य अभियंते, चीफ केमिस्ट, शेती अधिकारी आणि कार्यकारी संचालक यांनी, आपल्या धंद्याचा प्रश्न म्हणून करावा असे आम्हांस वाटते.

त्या बेटाशी आपले नाते आहे, हे खरे. १८३४ पासून पुढे सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारनाम्यावर अंगठे उठवून तेथे उतरले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील व घाटावरील मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही जाखडी नाचतात, गणेश चतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्यांवरून ते मजूर वर चढले त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर आपल्या मुलखात यांत्रिक कारखानदारीला जोर चढला, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीपासून मराठी हात परक्या मळेवाल्यांच्या गिरण्यांना ऊस तोडून घालीत होते, हा इतिहासाचा एक उपरोधच म्हणावयाचा. पण केवळ आप्तभावापोटी लेखणी उचलावी, असे या संपादकीयाचे प्रयोजन नाही.

मॉरिशसला निसर्गरक्षणाचा आदर्श म्हणून मिरविण्याचीही आमची इच्छा नाही, कारण त्या बेटाचा पूर्वेतिहास विध्वंसाचा आहे. डोडो पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला, आणि आबनूसाची अरण्ये आधी डचांच्या कुऱ्हाडीखाली व मग उसाच्या लागणीखाली गेली, ती इतकी की मूळ अरण्याचा चांगल्या अवस्थेतील अवशेष आज शेकडा दोनांहूनही कमी उरला आहे. फ्रेंच अमदानीतील कारभारी पिएर प्वाव्र याने १७६९ मध्ये, डोंगर उघडे पडले की पाऊस हटतो या समजुतीने, प्रत्येक जमीनधारकाने चौथा हिस्सा झाडीखाली राखावा असे फर्मान काढले होते. पुढे साखरेचा भाव चढला आणि फर्मान दफ्तरात राहिले.

म्हणून लक्ष द्यावयाचे ते झाडीकडे नव्हे, चिपाडाकडे. आपल्या गुऱ्हाळांत चुलवाण चिपाडावरच पेटते आणि काहिलीखाली बाहेरचे सरपण लागत नाही, हे कोल्हापुरी माणसास सांगावयास नको. यांत्रिक कारखान्याचेही मूळ तत्त्व तेच. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मा ओलावा असतो, आणि तरीही कारखान्याची वाफ व वीज भागवून तो उरतो. जुन्या काळी हे उरणे अडचणीचे वाटे, कारण साठवावयास जागा नसे आणि ढीग पेट घेत. सबब बॉयलरची रचनाच अशी केली जाई की बगॅस शक्य तितका जळून जावा. वीस-एकवीस बारचा बॉयलर आणि वाफेवर चालणारे मिल-टर्बाइन ही त्या विचारसरणीची अपत्ये होत. मॉरिशसमध्ये सेंट आंत्वान कारखान्याने १९५७ मध्ये शिलकी वीज सार्वजनिक जाळ्यात सोडली, तेव्हा तो एक किरकोळ प्रयोग होता. परंतु १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि सर्व इंधन जहाजाने आणावे लागणाऱ्या देशाला आपल्या परकीय चलनाचा धूर होताना दिसू लागला. तेव्हा पूर्वेकडील फ्लॅक परगण्यात १९८० च्या दशकात बारमाही चालणारे वीजघर उभे राहिले, १९८८ मध्ये साखर उद्योगाच्या कार्यक्षमतेचा स्वतंत्र कायदा झाला, आणि १९९१ मध्ये बगॅसपासून ऊर्जा मिळविण्याचा देशव्यापी कार्यक्रम आखण्यात आला. या साऱ्या धोरणाचे मर्म कोणत्याही संकल्पपत्रात नव्हते. वाफ वाचविणाऱ्यास करात सूट आणि वीज विकणाऱ्यास दीर्घ मुदतीचा खरेदी-करार, एवढ्या तजविजीत ते होते. २००० साली बेल व्ह्यू येथे ८२ बार दाबाचे सत्तर मेगावॉटचे वीजघर सुरू झाले, २००७ मध्ये दक्षिणेकडे सावाना येथे त्याच धर्तीचे दुसरे. आणि टनामागे शंभरांहून अधिक युनिट वीज जाळ्यात जाऊ लागली.

याच सुमारास एक मोठा आघात झाला. १९७५ पासून युरोप वर्षाला पाच लाख टनांहून अधिक मॉरिशियन साखर हमीभावाने घेत असे. त्याने २००६ च्या सुधारणेत भाव शेकडा ३६ ने उतरविण्याचे ठरविले. ज्या देशाने १९७३ मध्ये ७ लाख १८ हजार टन साखर काढली होती, त्याला कारखाने मोडीत काढण्याखेरीज गत्यंतर राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेहून अधिक असलेले कारखाने १९७० च्या दशकात एकवीस होते. आज तीन आहेत. कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम आणि तिच्याबरोबर घरापुरता जमिनीचा तुकडा देण्यात आला, हे त्या कारभाराच्या श्रेयाचे मानावे लागेल. आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक कारखाने उसासाठी एकमेकांच्या कार्यक्षेत्रांत धावतात आणि गाळपक्षमता वाढवीत वाढवीत हंगाम शंभर-सव्वाशे दिवसांवर आणून ठेवतात, तेथे तीन कारखान्यांचा देश ही कल्पना कोणाही संचालक मंडळास अपशकुनी वाटेल. आणि ज्या कारखान्यांच्या पोटी शाळा, दूधसंघ, बझार व बँका जन्मल्या, ते केवळ टनेजच्या हिशेबाने बंद करावेत, असे आम्हीही म्हणणार नाही. पण वर्षातले साडेआठ महिने थंड पडणारा उच्चदाबाचा बॉयलर हा कोणाच्या पैशाने थंड पडतो, हे विचारण्याचा अधिकार सभासदास आहे.

आता त्या चित्राची काळी बाजू. मॉरिशसचा हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत. उरलेल्या महिन्यांत तीच भट्टी आफ्रिकेतून आणलेल्या कोळशावर चालते. बगॅसच्या नावाने उभारलेल्या वीजघरांनी कोळशालाही त्या बेटात पक्के घर मिळवून दिले, आणि उसाखालील क्षेत्र ऐंशी हजार हेक्टरांवरून चाळीस हजारांच्या आसपास घसरल्याने, भट्टी तीच राहून बगॅस मात्र घटत गेला. परिणामी देशाच्या विजेत नूतनक्षम हिस्सा पंचमांशाभोवती घुटमळतो आहे आणि कोळशाचा हिस्सा त्याहून मोठा आहे. २००८ मध्ये, मॉरिशसमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ जोएल द रोने यांच्या कल्पनेवरून, 'मॉरिस इल द्युराब्ल' नावाची मोहीम मोठ्या समारंभाने निघाली, इंधनावर तिच्यासाठी कर बसला, आणि २०१४ च्या अखेरीस सरकार बदलताच मोहीम गुंडाळली गेली. २०२१ मध्ये नवे लक्ष्य जाहीर झाले: २०३० पर्यंत कोळसा बंद आणि शेकडा साठ वीज नूतनक्षम. जाहीरनामे सरकारांबरोबर येतात आणि जातात, विजेचे खरेदी-करार मात्र अनेक सरकारे पाहूनही टिकले, यावरून काय ते समजावे. त्या करारांत कारखानदारांचे फारच भले झाले आणि ग्राहकाचे कमी, असाही तेथील लोकांचा जुना आक्षेप आहे, आणि तो निराधार नाही.

दुसरा जुना आक्षेप छोट्या ऊसकऱ्याचा. ऊस त्याचा, चिपाडही त्याचेच, मग विजेच्या पैशांत त्याचा वाटा किती? १९९४ मध्ये तेथे एक गुंतवणूक न्यास स्थापून ऊसकरी व कामगार यांना साखर कंपन्यांच्या भांडवलात भागीदार करण्यात आले, आणि बगॅसबद्दल ऊसकऱ्यास द्यावयाच्या रकमेवर वर्षानुवर्षे घासाघीस होऊन ती अलीकडे लक्षणीय वाढविण्यात आली. पण तोवर पुष्कळांनी शेती सोडलेली होती. जयसिंगपूरच्या ऊस परिषदांचा अनुभव असलेल्या वाचकांस हा वाद ओळखीचा वाटेल. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सत्तर-तीसचे जे सूत्र सुचविले आणि महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने जे स्वीकारले, त्यात साखरेबरोबर बगॅस, मळी व प्रेसमड यांचेही उत्पन्न जमेस धरावयाचे आहे. परंतु जो बगॅस कारखान्याच्याच सहवीजनिर्मिती प्रकल्पात जळतो, त्याचे मोल कोणत्या भावाने मांडावयाचे, यावर सारा मामला अडतो. बाजारभावाने मांडला तर प्रकल्प तोट्यात दिसतो, कमी भावाने मांडला तर ऊसकरी नागवला जातो. आणि अहवालात तो बहुधा अशा कोपऱ्यात मांडला जातो की दोघांच्याही नजरेस पडू नये.

पाचटाविषयी मात्र आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या प्रवाळरांगेवर चढले, बारा दिवसांनी त्याच्या टाक्या फुटल्या, आणि सुमारे एक हजार टन इंधनतेल त्या निळ्या खाजणात पसरले. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत न थांबता हजारो नागरिकांनी कापडाच्या लांब पिशव्यांत उसाचे पाचट ठासून भरले, त्यांना हवाबंद बाटल्यांचा तरंगता आधार दिला, आणि असे तरंगते बांध समुद्रात सोडून तेल अडविले. कोठलीही निविदा न काढता उभ्या राहिलेल्या या बंदोबस्तात जे पाचट कामास आले, ते आपल्या शिवारात हेक्टरी आठ-दहा टन पडते. आणि तोडणी आटोपली की खोडव्याला पाणी सोडण्याच्या घाईत रात्रीतून पेटविले जाते. आग लागलेल्या फडातून नत्र धुरावाटे जातो, सेंद्रिय कर्ब जातो, गांडूळ जाते. कृषी खात्याची पाचट-व्यवस्थापनाची पत्रके पुष्कळ निघाली, शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याने क्षारपड जमिनी सच्छिद्र नळांच्या निचऱ्याने पुन्हा वहितीस आणण्याचे चिकाटीचे काम करून दाखविले, म्हणजे जमिनीची कळकळ येथे नाही असे नव्हे. पण पाचट कुट्टी करून सरीत घालणाऱ्या शेतकऱ्याची नोंद तोडणी कार्यक्रमात कोठे होते, आणि त्याच्या खोडव्याची तोडणी आठ दिवस आधी लावण्याचे शेती अधिकाऱ्याच्या हाती असताना तो ती का लावीत नाही? बंधाऱ्यात फळ्या घालून पाणी अडविण्याची अक्कल ज्या पंचगंगेच्या खोऱ्याने फार पूर्वी आत्मसात केली, त्याने पाचट अडविण्यास इतकी वर्षे लावावीत, हे आश्चर्यच आहे.

बेटाला आपले वाटोळे लपविता येत नाही. सांडपाणी सोडले की ते स्वतःच्याच खाजणात येते. आपली सोय वेगळी आहे. कोल्हापूर-इचलकरंजीचे मैलापाणी, प्रोसेसचे रंगीत पाणी आणि मळीचे काही अवशेष पंचगंगा पुढे नेते. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे वर आले की त्या आठवड्यापुरती नोटिसांची देवघेव होते. आणि नृसिंहवाडीला नदी कृष्णेत मिळाली की विषय जिल्ह्याच्या हद्दीबाहेर गेला असे सर्वांनी समजावयाचे. या बाबतीत दोष कोणाचा किती, हे न्यायालयासमोर वारंवार गेलेले आहे, त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की यंत्रसामग्रीत आपण मॉरिशसच्या मागे नाही, पुष्कळ ठिकाणी पुढेच आहोत. मागे आहोत ते हिशेबात. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याने उसावरील वाफेचे प्रमाण शेकडा पन्नासावरून चाळीसावर आणले, तर दिवसाला पाचशे टन वाफ वाचते, म्हणजे सव्वादोनशे टनांच्या आसपास बगॅस. एकशेवीस दिवसांच्या हंगामात तो सत्तावीस हजार टन होतो. हे काही नवे शास्त्र नव्हे, इव्हॅपोरेटरच्या मांडणीचे, कंडेन्सेटच्या फेरवापराचे आणि मिलना विजेची मोटार लावण्याचे काम आहे, आणि ते आपल्यापैकी अनेकांनी केलेही आहे. परंतु वाचलेला बगॅस कोठे गेला, कागदगिरणीस किती, भट्टीत किती, बंद हंगामात कोळसा लागला तर किती, हे वार्षिक अहवालाच्या एका पानावर सलग वाचावयास मिळत नाही. संचालक मंडळास साखरेचा उतारा दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत तोंडपाठ असतो. वाफेचा आकडा विचारला की चीफ इंजिनिअरांकडे बोट दाखविले जाते. आजवर इंधन फुकट आहे असे धरूनच हा कारभार चालला, आणि वीजखरेदीचे जुने करार संपून नवे दर खाली आले तेव्हा त्या गृहीताची किंमत अनेक प्रकल्पांना कळली.

तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी. या गाळप हंगामाचे पाच आकडे आपण आम्हांकडे पाठवावेत: उसावर बगॅसचे शेकडा प्रमाण व त्यातील ओलावा, उसावर वाफेचे शेकडा प्रमाण, टनामागे बाहेर दिलेली वीज, बाहेरून आणलेले इंधन, आणि सत्तर-तीसच्या हिशेबात बगॅसला धरलेला भाव. सहकारी व खासगी, नवे व जुने, सर्वांचे आकडे हंगामानंतरच्या अंकात एकाच तक्त्यात, कोणतीही श्रेणी न लावता, आम्ही छापू; आणि ज्या कारखान्याकडून ते येणार नाहीत, त्याच्या नावापुढील रकाना रिकामा छापू.