चारकोपचा लोखंडी जिना

कांदिवली पश्चिमेला चारकोपच्या सेक्टरांमधून फिरताना एकाच चौकाभोवतीची घरं एकसारखी दिसत नाहीत. कुणाच्या डोक्यावर अजून पत्रा, शेजाऱ्याने माळा चढवून बाहेरून लोखंडी जिना काढलेला, पलीकडे खालच्या खोलीत शिलाई मशीनची खडखड. नकाशा काढणाऱ्याला हे गबाळं वाटेल. सरकारने लोकांच्या व्यवहारात कमीत कमी ढवळाढवळ करावी म्हणणाऱ्या स्वतंत्रतावाद्याचे पाय मात्र इथेच रेंगाळतील.

१९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी विकास प्रकल्प मंजूर झाला. त्यात म्हाडाने इथे तयार घरं वाटण्याऐवजी प्लॉट दिले. गरिबांसाठीचे अवघे २५ चौरस मीटरचे. रस्ता, पाणी, गटार सरकारचं, भिंती ज्याच्या त्याच्या. साधारण पस्तीस कुटुंबांची सोसायटी, मधोमध चौक. हातात पैसा आला की घर वाढायचं. स्वतंत्रतावाद्याला भावतं ते हेच.

आपल्याकडे निवडणूक आली की बोली लागते ती सरकार काय देणार याची. स्वतंत्रतावादी आधी विचारतो, सरकार आडवं कुठे येतंय? महाराष्ट्रात हा प्रश्न शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी बांधावर नेला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा अनुदान मागत नव्हती, बाजार मोकळा करा म्हणत होती. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा ती घोषणा जुनी वाटली नाही.

शहरातला दाखला भाड्याचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. महागाई वाढत गेली, भाडं हललं नाही. मग चाळीच्या दुरुस्तीला हात कोण घालणार? ही गोठवणूक आता वाजवी राहिलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटलं, तोवर पन्नास वर्षं उलटली होती. भाडेकरूचं रक्षण करायला निघालेल्या कायद्याने त्याच्याच डोक्यावरचं छप्पर खिळखिळं केलं.

तरीही चारकोपचं सगळं श्रेय स्वतंत्रतावादाला देता येत नाही. जमीन सरकारने दिली नसती, आधी गटारं टाकली नसती, तर तीच माणसं तेवढ्याच हौसेने झोपडी बांधून बसली असती. स्वतंत्रतावादी इथे जरा घाईने पुढे सरकतात. चौकातलं गटार तुंबलं की रहिवासी पालिकेलाच फोन लावतात. माळा चढवायचा असला की त्याच पालिकेचा माणूस गल्लीत नको असतो.