‘सुनीता सामील झाला’ : फुकटच्या भाषांतराची किंमत कोण मोजतं?

‘सुनीता गटात सामील झाला.’ शाळेतल्या पोरानं असं वाक्य लिहिलं तर बाई लाल रेघ मारतील. मोबाइलवर, कार्यालयातल्या संगणकावर मात्र असली वाक्यं आपण रोज वाचतो आणि पुढे जातो. यंत्रच ते, त्याला काय कळतंय, असं म्हणून सोडून देतो. मैत्रिणींनो, ते वाक्य बहुतेक वेळा कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर रात्री जागून, फुकट लिहिलेलं असतं. म्हणून या चुकीचा विचार श्रमाच्या अंगानं करायला हवा. कुणाचे श्रम फुकट घेतले जातात? आणि निर्णयाच्या जागी कोण नसतं?

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी बारा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. घरभेटींच्या नोंदी ठेवण्याचं एक मुक्त सॉफ्टवेअर आमच्यासारख्या संस्था वापरतात. त्याच्या मराठी भाषांतराचा समन्वय तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे. सोबत एक निवृत्त शिक्षिका, कॉलेजातली चार मुलं, बचत गटातल्या दोघी आणि एक अंगणवाडी सेविका. मानधन कुणालाच नाही.

हे काम चालतं कसं? प्रोग्रॅममधली सगळी इंग्रजी वाक्यं एका फाइलमध्ये येतात, प्रत्येकाखाली मराठी लिहायचं. नवी आवृत्ती निघण्याआधी वाक्यं ‘गोठवतात’, म्हणजे प्रोग्रॅमरनी त्यांत आता बदल करायचा नाही. मग भाषांतरकारांची पाळी. ग्नोमसारखा मोठा मुक्त प्रकल्प दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, नवी आवृत्ती काढतो आणि गोठवण्याची तारीख आधीच जाहीर करतो. आमच्या हातात वाक्यं पडतात ती पुष्कळदा आवृत्तीच्या आठवडाभर आधी. प्रोग्रॅमरला पगार, आराखडा करणाऱ्याला पगार, चाचणी घेणाऱ्याला पगार. भाषेची वेळ आली की ‘सेवाभाव’! सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईसारखी भाषांतराची गत आहे.

या घाईचा परिणाम बघा. इंग्रजी ‘जॉइन्ड’ला लिंग नाही, मराठी क्रियापदाला आहे. वाक्यात नावाच्या जागी नुसती खूण असते. तिथे सुनीता येणार की सुनील, हे भाषांतरकाराला ठाऊक नसतं. घाईतला माणूस ‘झाला’ लिहून मोकळा होतो. ‘एक फाइल, दोन फाइली’ हा वचनाचा भेद सांभाळायची सोय गेटटेक्स्ट या सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनात केव्हाच झाली, कारण तो भेद इंग्रजीलाही लागतो. लिंगभेदासाठी तशी सोय त्यात नाही. ती करता येत नाही असंही नाही. मोझिलाच्या ‘फ्लुएंट’ पद्धतीत ती आहे. अँड्रॉइडच्या १४व्या आवृत्तीत २०२३ साली वापरणाऱ्या व्यक्तीच्या लिंगाप्रमाणे वाक्य बदलण्याची सोय आली. आणि सोय नसली तरी आपली मराठी वाट काढून देते. ‘सुनीता यांनी गटात प्रवेश केला’ असं लिहिलं की क्रियापद ‘प्रवेश’च्या मागे जातं, सुनीता असो वा सुनील. मात्र हे सुचायला, दुसऱ्याला वाचून दाखवायला आणि पुन्हा लिहायला वेळ लागतो.

‘झाला’ वाचून आपण हसतो. पुढचं उदाहरण हसण्यासारखं नाही. कुटुंबाच्या नमुन्यात वैवाहिक स्थितीचा रकाना आहे. त्यातल्या ‘सेपरेटेड’चं भाषांतर झालं ‘विभक्त’. शब्दकोशाप्रमाणे बरोबर! पण वस्तीत ‘विभक्त’ म्हणजे सासू-सासऱ्यांपासून वेगळं बिऱ्हाड केलेलं कुटुंब. नवऱ्यानं टाकलेली बाई त्या शब्दात स्वतःला ओळखणार कशी? नोंद करणारी ‘विवाहित’वर बोट ठेवते आणि ती बाई मोजणीतून नाहीशी होते. परित्यक्तांच्या चळवळीनं या बायकांना निदान मोजा तरी, म्हणून महाराष्ट्रभर किती आवाज उठवला! एका बटणावरच्या शब्दानं त्या पुन्हा अदृश्य होतात.

ही गोष्ट आमच्या गटातल्या अंगणवाडी सेविकेनं लक्षात आणून दिली. ‘पती-पत्नी वेगळे राहतात’ असं आम्ही सुचवलं. उत्तर आलं : वाक्य लांब आहे, बटणात मावत नाही, तारीख जवळ आली, पुढच्या आवृत्तीत पाहू. ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’साठी ‘कर्ता पुरुष’ आलं होतं, ते बदलून ‘कुटुंबप्रमुख’ करायलाही दोन आवृत्त्या गेल्या.

भाषेचा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर २०२१ साल आठवा. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट ही एक तक्रार होती आणि ‘पोषण ट्रॅकर’मध्ये इंग्रजीत माहिती भरावी लागते ही दुसरी. ज्या बायकांच्या बोटांवर योजनेची आकडेवारी उभी राहते, त्यांना ती कुठल्या भाषेत भरणार हे कुणी विचारलं नव्हतं.

‘मातृभाषेच्या प्रेमापोटी एवढं करता येत नाही?’ असं मला ऐकवलं जातं. प्रेमापोटी केलेल्या कामाची यादी बाईला कुणी शिकवायला नको. स्वयंपाक, धुणी, आजारपणं, सगळं प्रेमापोटीच चाललेलं आहे. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ८८. मग रात्री अकरानंतर संगणकासमोर बसायची फुरसत कुणाला मिळणार? ज्याला फुरसत, त्याची भाषा. काम फुकट ठेवलं की बायका आपोआप बाहेर राहतात, आणि वर म्हणायचं, दार तर सगळ्यांना उघडं आहे!

‘आता यंत्रच भाषांतर करतं’ असंही सांगतात. यंत्र शिकतं ते आधी लिहिलेल्या मजकुरातून. त्यात ‘डॉक्टर आला’ आणि ‘नर्स आली’ असेल तर ते तेच गिरवणार. तपासायला माणूस लागतोच, आणि ते तपासणंही पुन्हा फुकटच मागितलं जातं.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सॉफ्टवेअरच्या अंदाजपत्रकात भाषांतर, तपासणी आणि समन्वय यांसाठी स्वतंत्र रक्कम असावी. वाक्यं गोठवल्यानंतर भाषांतराला किमान चार आठवडे मिळावेत. ज्या बायका ते वापरणार, त्यांनी मानधन घेऊन ते वस्तीत चालवून पाहावं आणि त्यांनी नाकारलेला शब्द तारखेच्या नावाखाली पुढे ढकलू नये. भाषांतर करणाऱ्यांची, त्यांची हरकत नसेल तर, प्रोग्रॅमरच्या बरोबरीनं नावं छापावीत.

तुमच्या संस्थेत, पंचायतीत, दवाखान्यात नवं अ‍ॅप आलं की आधी विचारा : याचं मराठी कुणी केलं, किती दिवसांत केलं, त्यांना काय दिलं? उत्तर मिळेपर्यंत ‘मला मान्य आहे’चं बटण दाबायची घाई करू नका. आणि खटकलेला प्रत्येक शब्द लिहून ठेवा. आपली यादी मोठी होईल तेव्हा ती घेऊन एकत्र जाऊ.