‘एकदा सेल मारून बघू’: गॅरेजवाल्याला सगळ्यात महाग पडणारं वाक्य

गॅरेज टाकायचं म्हणणाऱ्यांसाठी जागा, डिपॉझिट, हत्यारं, कामगार या सगळ्यावर आपण चॅनलवर बोललो आहोत. आज फक्त एका वाक्यावर बोलायचं आहे. ठोकलेली गाडी दारात येते, मालक काळजीत उभा असतो आणि मेकॅनिक म्हणतो, “एकदा सेल मारून बघू.”

माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या गॅरेजमध्ये या वाक्याला बंदी हवी.

काही वर्षांपूर्वी माझीच गाडी रात्री रस्त्यातल्या दगडावर आपटली. खालचा अॅल्युमिनियमचा ऑइल चेंबर फुटला. गाडी ओढून जवळच्या गॅरेजमध्ये नेली. त्यांनी चेंबर उतरवला, वेल्डिंग केलं, ग्राइंडर फिरवला, परत बसवला, नवीन ऑइल टाकलं आणि सेल मारला. गाडी चालू! मी खूश, तोही खूश. जेमतेम दोन आठवड्यांनी ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, मग इंजिनातून टकटक. दुसरीकडे खोललं तर ऑइलच्या जाळीत अॅल्युमिनियमचे तुकडे आणि ग्राइंडिंगचा कीस. क्रँकची बेअरिंग गेलेली.

पहिल्या माणसाने मला फसवलं नव्हतं. त्याने आत नीट बघितलं नाही, एवढंच. पण मी पुन्हा त्याच्याकडे गेलो नाही. आणि ही गोष्ट किती जणांना सांगितली, त्याचा हिशोब नाही.

आत नेमकं काय होतं?

ऑइलचा रस्ता लक्षात ठेवा. चेंबर, मग जाळी, मग पंप, मग फिल्टर, मग बेअरिंग. म्हणजे फिल्टरच्या आधी पंप येतो. जाळीतून निसटलेला कण पहिल्यांदा पंपालाच ओरखडतो. आणि जाळीच तुंबली तर ऑइल वर चढत नाही.

“पुढे फिल्टर आहे ना?” आहे. पण बहुतेक फिल्टरच्या वाटेत एक बायपास वॉल्व्ह असतो. फिल्टर चोंदला किंवा थंड ऑइल फार घट्ट असलं, की तो उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. तिथे बारीक कीससुद्धा पुरेसा आहे.

दुसरी वाट हवेची. समोरून धडक बसली आणि एअर फिल्टरचा डबा किंवा पाइप फुटला, तर सेल मारताच तुटका तुकडा थेट आत ओढला जाऊ शकतो. टर्बोच्या गाडीत पहिला बळी टर्बोच्या पंख्याचा.

घाबरवायचंही नाही

दुसऱ्या टोकाचे लोकही मी बघितले आहेत. बंपरला पोचा पडलाय आणि हे सांगतात, “साहेब, इंजिन उतरवावं लागेल.” हा धंदा नाही, ही लूट आहे. बंपरपलीकडे मार गेला नसेल तर ‘इंजिनाला काही नाही’ असं सरळ सांगा आणि गाडी सोडा.

संशय कधी घ्यायचा? चेंबरला मार असेल, ऑइल गळत असेल, पुली किंवा टायमिंग कव्हर फुटलं असेल, हवेचा पाइप तुटला असेल, ऑइलचा दिवा लागलेला असताना इंजिन चालत राहिलं असेल किंवा गाडी उलटल्यावरही इंजिन सुरू होतं, तेव्हा.

मग तपासायचं कसं? टप्प्याटप्प्याने.

1. गाडी टोइंगवर आणा. आधी फोटो काढा. इन्शुरन्सचं काम असेल तर सर्व्हेअरने बघेपर्यंत काही खोलू नका.

2. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये, स्वच्छ सुती कापडातून गाळून काढा. त्यात लोहचुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारी पांढरट चमक असेल तर बहुधा अॅल्युमिनियम, तांबूस चमक असेल तर बेअरिंगवर संशय. चुंबकावर करड्या रंगाची बारीक लुकण दिसली तर घाबरू नका, ती रोजच्या झिजेची असू शकते. डोळ्यांना दिसणारे तुकडे आणि पापुद्रे मात्र चालणार नाहीत.

3. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. फिल्टर कटर वापरा. हॅक्सॉने कापलात तर त्याचाच कीस आत पडेल आणि तुम्हीच फसाल.

4. चेंबर उतरवून जाळी बघा. प्लग काढून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा सिलिंडरमध्ये सोडा. क्रँक हाताने, पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. अडकला तर थांबा.

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर नवीन फिल्टर, नवीन ऑइल आणि मग सेल. साधारण 500 किलोमीटरनंतर ऑइल-फिल्टर पुन्हा बदला आणि तोही फिल्टर कापून बघा. तुकडे सापडले, तर फ्लशिंगचा डबा ओतून भागत नाही. ते कुठून आले हे शोधायला इंजिन खोलावं लागतं, आणि ऑइल कूलर असेल तर तोही साफ करावा किंवा बदलावा लागतो, कारण कीस तिथे दडून बसतो.

आता पैशाचं बोलू

तुम्ही म्हणाल, “सर, नुसतं बघण्याचे पैसे कोण देतं?” देतात, पण आधी सांगितलं तर. समजा तुमचा तासाचा दर 400 रुपये आहे आणि तपासणीला तीन तास लागले: 1,200 रुपये मजुरी. ऑइल, फिल्टर, सिलिकॉन मिळून समजा 3,000. म्हणजे 4,200 रुपये. एस्टिमेटवर पहिल्या ओळीत लिहा: ‘टप्पा 1, तपासणी. टप्पा 2 ची रक्कम तपासणीनंतर, तुमच्या परवानगीनेच.’ ग्राहकाला खर्चाची भीती कमी वाटते. खर्च कुठे थांबणार हे कळत नाही, त्याची भीती जास्त असते.

इन्शुरन्सची एक गोष्ट ग्राहकाला जरूर सांगा. आपल्याकडच्या प्रचलित मोटार पॉलिसीत अट असते की, अपघातानंतर आवश्यक दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. साध्या पॉलिसीत परिणामी नुकसान आणि यांत्रिक बिघाडही धरत नाहीत. म्हणून तुम्ही मारलेला एक सेल ग्राहकाचा क्लेम अडचणीत आणू शकतो. खोलल्यावर आत नवीन नुकसान दिसलं, तर पार्ट बदलण्याआधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवा आणि सप्लिमेंटरी एस्टिमेट द्या. जुने पार्ट टाकू नका, कापलेला फिल्टर आणि गाळलेलं कापडसुद्धा पिशवीत भरून ठेवा. तोच तुमचा पुरावा.

आणि ग्राहक म्हणाला, “नको, तसंच चालू करा”? जॉब कार्डवर लिहा: ‘इंजिनात धातूचे कण असण्याची शक्यता सांगितली, तपासणी नाकारली.’ सही घ्या. तरीही गाडी तुमच्या हाताने चालू करू नका. सही तुम्हाला भांडणातून वाचवेल, पण इंजिन बसल्यावर बाजारात नाव तुमचंच निघेल. असं एखादं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

मला माहीत आहे, नवीन गॅरेजला महिन्याचं भाडं डोळ्यांसमोर असतं. आलेलं काम सोडवत नाही. पण घाईत दिलेली एक गाडी टकटक करत परत आली, तर इंजिनाचं काम तुम्हाला फुकटात करून द्यावं लागतं, आणि सगळ्या महिन्याची कमाई त्यात जाते.

आजचा गृहपाठ: तुमच्या एस्टिमेटच्या कागदावर ‘टप्पा 1, तपासणी’ ही ओळ छापून घ्या. गॅरेज अजून सुरू नसेल तरी आजच मसुदा करा, आणि तपासणीचा दर किती ठेवलात ते कमेंटमध्ये कळवा.

भेटू पुढच्या भागात.