किती इंच, हा प्रश्न सगळ्यात शेवटी

साप्ताहिक सदर : आडवाट

नवी थार किंवा जिम्नी दारात आली की महिन्याभरात मालकाच्या डोक्यात एकच विषय घोळू लागतो: गाडी किती इंच उचलायची? दोन की तीन? मित्राने तीन केली, मग आपणही तीन करू. ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलं तरी बोलणं इंचांपासून सुरू होतं आणि इंचांवरच संपतं. माझं मत स्पष्ट आहे. लिफ्ट किट निवडताना इंचांचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत. गाडी नेमकी कुठे अडते? आणि तिच्यावर कायम किती वजन असतं? ही उत्तरं हातात असतील तर पैसे सार्थकी लागतात. नुसत्या उंचीसाठी किट बसवलं, तर धडधाकट गाडी आपण पदरचे पैसे घालून बिघडवतो.

गाडी कुठे अडते, हे पाहायला लडाखला जावं लागत नाही. ऊसतोडणीच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या पाणंदीत गाडी घाला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे मातीचा वरंबा उभा राहिलेला असतो. चाकं चाकोरीत उतरली की खालून खरवडल्याचा आवाज येतो. उतरून वाकून बघितलं, तर वरंब्याला टेकलेला असतो मागच्या ॲक्सलवरचा डिफरेन्शियलचा गोळा. थारचा मागचा ॲक्सल या चाकापासून त्या चाकापर्यंत अखंड आहे, डिफरेन्शियल त्याच्याच पोटात आहे आणि स्प्रिंगा बसतात त्याच्यावर. लांब स्प्रिंगा टाकल्या की चासी वर जाते, बॉडी वर जाते, ॲक्सल होता तिथेच राहतो. दोन इंच उचला नाहीतर चार, तो गोळा त्या वरंब्यावर तेवढाच खरवडणार.

ॲक्सल जमिनीपासून वर न्यायचा सोपा उपाय म्हणजे मोठा टायर, आणि त्यालाही मर्यादा आहे. थारच्या 16 इंची रिमवर 245/75 मापाचा टायर येतो. त्याचा व्यास साधारण 774 मिमी. त्याजागी 265/75 घातला तर व्यास 804 मिमी होतो. वाढ 30 मिमीची. पण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे तो वर जातो निम्माच, 15 मिमी. वर स्पीडोमीटर मागे पडतो: काटा 100 दाखवत असताना गाडी 104 च्या आसपास पळत असते. पाणंदीतल्या वरंब्यावरचा खरा उपाय तर फुकट आहे. एका बाजूची चाकं वरंब्यावर घ्या, दुसऱ्या बाजूची चाकोरीच्या बाहेरच्या काठावर. डिफरेन्शियल चाकोरीवरून मोकळा निघून जातो.

मग लिफ्टने मिळतं काय? चासीखालची जागा मिळते. शेताचा उंच बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि गाडी पोटावर बसते. तिथे लिफ्टचा उपयोग आहे. थारचा व्हीलबेस 2450 मिमी आणि कंपनीने दिलेला ब्रेकओव्हरचा कोन 27 अंश. गाडी 50 मिमीने उचलली तर हिशोबाने हा कोन सुमारे 31 अंशांवर जातो. ओढ्याच्या उभ्या काठावर चढताना पुढचा बंपर आणि उतरताना मागचा बंपर वाचतो. टायर मोठा घेतला असेल तर मडगार्डच्या आत त्याला फिरायला जागा होते. तुमची गाडी अशा ठिकाणी अडत असेल तर लिफ्टचा विचार जरूर करा. पण ती चिखलात किंवा वाळूत चाकं फिरवत जागीच रुतत असेल, तर दोष उंचीचा नाही. आधी टायरमधली हवा उतरवून बघा, मग टायरची जात बदला, आणि तरीही भागलं नाही तर डिफरेन्शियल लॉककडे वळा.

उंचीच्या नादात सस्पेन्शनचं मूळ काम विसरलं जातं. चारही चाकं जमिनीला धरून ठेवणं, हे ते काम. खडकाळ वाटेवर एक चाक दगडावर चढलं की त्याच ॲक्सलवरच्या पलीकडच्या चाकाला खाली खड्ड्यात पोहोचता आलं पाहिजे. ते पोहोचलं नाही, हवेत लोंबकळलं, की साध्या डिफरेन्शियलमध्ये इंजिनाची ताकद त्याच लोंबकळणाऱ्या चाकाकडे धावते आणि गाडी थांबते. म्हणून किट बघताना दुकानदाराला विचारायचं ते हे: चाकाचा खाली जाण्याचा पल्ला वाढतो की घटतो? उंची वाढवून पल्ला मारणारी किटं बाजारात भरपूर आहेत.

त्यांत पहिला नंबर स्पेसरचा. मूळ स्प्रिंग किंवा शॉकच्या माथ्यावर एक जाड चकती बसवायची, काम झालं. खर्च कमी, वेळ कमी. पण शॉकॲब्सॉर्बर जुनाच राहतो, त्याची लांबी जुनीच राहते. चकती स्प्रिंगवर असेल तर गाडी उभी असताना जितकी वर गेली, तितकाच चाकाचा खालचा पल्ला खर्ची पडला. थारला पुढे डबल विशबोन आहे. अशा रचनेत शॉकचं खालचं टोक आर्मच्या मधोमध कुठेतरी टेकलेलं असतं. त्यामुळे शॉकच्या माथ्यावर 25 मिमीची चकती टाकली तर बऱ्याच गाड्यांत चाकापाशी त्याच्या जवळपास दुप्पट फरक पडतो. चाक पूर्ण खाली गेलं की वरच्या बॉल जॉइंटवर ताण येतो. पुढून थोडी झुकलेली गाडी समतल करायला पातळ चकती चालेल. त्याहून जास्तीचं ओझं स्पेसरवर टाकू नये.

पुढचं सस्पेन्शन असं स्वतंत्र असलेल्या गाड्यांत आणखी एक जागा जपावी लागते, सीव्ही जॉइंट. डिफरेन्शियल चासीला बांधलेलं असतं, ते गाडीबरोबर वर जातं; चाक खालीच राहतं. मधला शाफ्ट कायम तिरका चालू लागतो. रबरी बूटच्या घड्या एका बाजूला घासत राहतात आणि एक दिवस फाटतात. याची पहिली खूण डोळ्यांनी दिसते: चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि आर्मवर, काळ्या ग्रीसचा उडालेला पट्टा. तो दिसला त्याच आठवड्यात बूट बदलला तर जॉइंट वाचतो. दुर्लक्ष केलं तर ग्रीसच्या जागी धूळ-पाणी शिरतं, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर कट्-कट् आवाज येऊ लागतो. मग जॉइंटच बदलावा लागतो. म्हणून अशा गाडीला 40 ते 50 मिमीच्या पुढे न्यायचं असेल, तर बदललेले अप्पर आर्म आणि डिफरेन्शियल खाली घेणारे ब्रॅकेट हे किटमध्येच हवेत. ते नसतील तर तेवढी उंची घेऊ नका.

जिम्नीचं गणित वेगळं. तिचे दोन्ही ॲक्सल अखंड, तेव्हा सीव्हीच्या तिरकेपणाची ही चिंता नाही. पण पुढचा ॲक्सल ज्या आर्मवर लटकतो ते आर्म लिफ्टमुळे खाली झुकतात आणि ॲक्सल किंचित फिरतो. कॅस्टरचा कोन कमी होतो, आणि महामार्गावर स्टीअरिंग सरळ धरवत नाही. गाडी डावी-उजवी हुंदडते. उपाय म्हणजे कॅस्टर सुधारणारे बुश. दुसरी गोष्ट पॅनार्ड रॉडची. चासी वर गेली की हा तिरका रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो. मागून पाहिलं तर एका बाजूचं चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड घेतला की ॲक्सल पुन्हा मधोमध येतो. दुकानदार या दोन वस्तूंचं नावही काढत नसेल, तर त्याने जिम्नीची लिफ्ट समजून केलेली नाही असं खुशाल समजा. जुन्या जिप्सीचा किंवा 2020 पूर्वीच्या थारचा मागचा ॲक्सल पाट्यांवर बसतो. तिथे वजन वाढलं असेल तर एक पाटा वाढवणं किंवा नवा, जास्त कमानीचा संच घालणं हाच सरळ मार्ग. पुढच्या ॲक्सलवर ठोकळे घालून उंची मिळवायचा प्रकार धोक्याचा आहे. ब्रेक मारताना सगळा जोर त्या ठोकळ्यावर येतो.

आता दुसरा प्रश्न, वजनाचा. बहुतेक लोक इथेच चुकतात. स्प्रिंग ही ठरावीक वजनासाठी बनते. पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवली, टपावर कॅरिअर आणि तंबू ठेवला, मागे पाण्याचे कॅन, हत्यारं आणि सामान भरलं, की मूळ स्प्रिंग दबते आणि कंपनीने दिलेली उंचीही उरत नाही. अशा गाडीला जड स्प्रिंग हवीच. पण रोज पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर एकटा माणूस घेऊन फिरणाऱ्या रिकाम्या गाडीला तीच स्प्रिंग घातली, तर ती दबतच नाही. गाडी उंच दिसते, पाठीचे मणके हादरतात आणि खडकावर चाक हवेतच राहतं. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग या ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंगा देतात, ते याच कारणाने. खरेदीला जाण्याआधी गाडी नेहमीच्या प्रवासाला भरता तशी भरा, वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. मग सपाट जागी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. किट बसवल्यावर आणि पुन्हा हजारेक किलोमीटरनंतर, नव्या स्प्रिंगा बसल्या की, हीच मापं घ्या. तुमच्या गाडीची खरी लिफ्ट किती, हे डब्यावरचा आकडा सांगत नाही. ही मापं सांगतात.

स्प्रिंग बदलली की शॉकॲब्सॉर्बर बदललाच पाहिजे, आणि तो स्प्रिंगच्या जोडीचा हवा. लांब स्प्रिंगला आखूड शॉक जोडला तर चाक खाली जाताना शॉक आधी संपतो आणि प्रत्येक खड्ड्यात ठोका त्याच्याच टोकांवर बसतो. उलट शॉक फार लांब असेल तर चाक वर दबताना तो आतून आपटतो. तिथे बंप स्टॉपची उंचीही वाढवावी लागते. मोनोट्यूब की ट्विनट्यूब, हा वाद वापरावर सोडवा. लडाख-स्पितीच्या खडबडीत रस्त्यावर तासन् तास चालताना शॉकमधलं तेल तापतं, फेसाळतं आणि शॉक हातपाय गाळतो. मोनोट्यूब उष्णता लवकर बाहेर टाकतो, म्हणून लांबच्या प्रवासाला तो चांगला. पण त्याच्या नळीला दगडाचा मार बसून पोचा आला तर आतला पिस्टन अडकतो. ट्विनट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी तो बहुधा चालत राहतो. सह्याद्रीतल्या दगडधोंड्यांत, कमी वेगात, चांगल्या प्रतीचा ट्विनट्यूब पुरेसा आहे.

उंचीची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागते, हे सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. गुरुत्वमध्य वर गेला की घाटातल्या वळणावर गाडी जास्त कलते आणि आडव्या उतारावर लवकर उलटते. थारला नोव्हेंबर 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत चार तारे मिळाले, ते कारखान्यातून आलेल्या गाडीला. चार इंच उचललेल्या गाडीला ते लागू होत नाहीत. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त उचलली तर हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो खाली घेणं हे तुमचं कर्तव्य आहे. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायर चाक पूर्ण खाली गेल्यावर ताणत नाहीत ना, हे गाडी गॅरेजच्या लिफ्टवर घेऊन, चाकं लोंबकळत ठेवून, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नंतर अलाइनमेंट करा आणि त्याचा छापील कागद घ्या.

मग कोणी काय घ्यावं? आठवडाभर शहरात आणि महिन्यातून एखादी रविवारची भटकंती असेल, तर काहीच घेऊ नका. थारचा मूळचा 226 मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स आणि जिम्नीचा 210 मिमीचा, यांत सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा होतात. पैसे चांगल्या टायरवर, हवेच्या पंपावर आणि गाडी ओढायच्या मजबूत हुकांवर खर्च करा. सामान भरून लांब प्रवास करणाऱ्याने वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगा आणि शॉक यांचा 40 मिमीच्या आसपासचा संच घ्यावा. पावसाळ्यात गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या गाड्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात, रोजच्या गाडीने त्यांची नक्कल करू नये.

शेवटी कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांना आवर घालतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात निर्मात्याच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असा निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. हे माहीत असूनच निर्णय घ्या. पण माझं सरकारलाही सांगणं आहे. जर्मनीत टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून असा बदल तपासून कागदपत्रांत नोंदवता येतो. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी किती उंचीपर्यंत मोकळीक आणि कुठून पुढे अभियंत्याचं प्रमाणपत्र, हे लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे सरसकट मनाई असल्यामुळे लोक लपूनछपून बदल करतात, आणि ब्रेकचा होज ताणलेला आहे का हे तपासायला कोणी अधिकृत माणूसच उरत नाही. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या अराईसारख्या (एआरएआय) संस्था आपल्याकडे आहेत. मर्यादित उंचीची, चाचणी झालेली किटं मान्य करून आरटीओत त्यांची नोंद करायची सोय झाली, तर रस्त्यावरचे सगळेच जास्त सुरक्षित होतील.

तोवर तपासनीस तुम्हालाच व्हावं लागेल. स्प्रिंग किती वजनाची, शॉकची उघडी आणि मिटलेली लांबी किती, चाकाचा पल्ला किती बदलतो, सोबत कोणते आर्म-बुश-रॉड येतात आणि सुटे भाग इथे मिळतात का, या पाच गोष्टी दुकानदाराकडून लेखी मागा. देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि दोन किटं बरोबरीची वाटली, तर कमी इंचांत तुमचं काम भागवणारं घ्या.