निःशस्त्रांची गिरणी

गहूं ओलवून, फडक्यांत दडपून ठेवून, मग जात्यावर जाडसर काढावयाचा आणि चाळणीनें रवा, सपीट व कोंडा निरनिराळा करावयाचा, ही कृति आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ओलविलेल्या दाण्याचा कोंडा चिंवट राहतो, तो चुरा होऊन पिठांत मिसळत नाहीं, हें मर्म आपल्या आज्यांना कोणीं पुस्तकांतून शिकविलें नव्हतें. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत दीडशें वर्षांपूर्वीं एका उत्तम गव्हाचें नशीब याच मर्मावर अवलंबून होतें. त्या गव्हाची पाठ राखणाऱ्यांत बर्नहार्ड वार्केंटिन हे मेनोनाइट पंथाचे गिरणीवाले प्रमुख होते. त्यांचा परिचय या खेपेस वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पंथाविषयीं दोन शब्द. फ्रिजलंडमधील मेनो सायमन्स या कॅथलिक धर्मोपदेशकानें १५३६ सालीं आपलें पद सोडलें आणि त्याच्या नांवावरून या पंथाला मेनोनाइट हें नांव पडलें. बाप्तिस्मा जाणत्या वयांत व स्वखुशीनें घ्यावा, शपथ वाहूं नये आणि कोणत्याही कारणास्तव शस्त्र धरूं नये, हे त्यांचे मुख्य नियम. या नियमांपायीं त्यांचा अतोनात छळ झाला. कांहीं लोक व्हिस्टुला नदीच्या मुखाकडे गेले व तेथील दलदल त्यांनीं लागवडीस आणिली. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतील पुष्कळ कुटुंबें रशियाच्या दक्षिणेकडील माळरानावर वसलीं. १८०० सालीं झार पॉल यानें त्यांना सनद दिली, आणि सैन्यांतील चाकरी कायमची माफ केली.

याच मुलुखांतील मोलोच्ना वसाहतींत १८४७ सालीं वार्केंटिन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील गिरणीवाले व धान्याचे व्यापारी होते. म्हणजे दळणाचा धंदा त्यांना वारशानेंच मिळाला. परंतु ते वयांत येतात न येतात तोंच सनदेच्या 'कायम' या शब्दाची किंमत कळून आली. १८७० नंतर रशियन सरकारनें सर्व प्रजाजनांवर लष्करी सेवा लादण्याचें ठरविलें. घरोघरीं एकच प्रश्न उभा राहिला: तीन पिढ्यांच्या कष्टानें पिकविलेली जमीन सोडावयाची, कीं पूर्वजांनीं प्राणापलीकडे जपलेलें व्रत?

१८७२ सालीं वार्केंटिन कांहीं मित्रांसह अमेरिका पाहावयास निघाले. त्या वेळीं त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. इलिनॉयमधील समरफील्ड येथील आपल्या पंथीयांकडे राहून त्यांनीं निरनिराळे प्रांत पाहिले, आणि बर्द्यान्स्क येथें असलेले आपले मित्र डेव्हिड गर्त्स यांना त्यांची साद्यंत हकीकत पत्रांनीं कळविली. ती हकीकत स्थलांतराच्या विचारांत पडलेल्या लोकांस फार उपयोगी पडली. १८७३ सालीं वसाहतींनीं धाडलेलें बारा जणांचें शिष्टमंडळ अमेरिकेस गेलें, आणि १८७४ पासून कुटुंबेंच्या कुटुंबें निघूं लागलीं. रशियन सरकारनें सैन्याऐवजीं जंगलखात्यांत काम करण्याची सवलत देऊं केली, तेव्हां बहुसंख्य लोक मागें राहिले. तरीही सुमारें अठरा हजार माणसांनीं देश सोडला. वार्केंटिन तर अमेरिकेंतच स्थायिक झाले.

त्यांनीं कॅन्ससमधील हॉलस्टेड हें गांव निवडलें, आणि लिटल अर्कांझस नदीच्या पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी उभारली. १८७५ सालीं त्यांचा विवाह समरफील्डच्या आयझेनमायर नांवाच्या गिरणीवाल्यांची कन्या विल्हेल्मिना हिच्याशीं झाला. नव्या वसाहतींत गिरणीचें मोल किती, हें आज विजेच्या चक्कीवर डबा ठेवून येणाऱ्या आपणांस उमगणें कठीण आहे. जवळपास गिरणी नसेल तर शेतकऱ्याचें पीक कोठारांत पडून राहतें; असेल तर घरांत भाकरी येते आणि उरलेल्या पिठाचे पैसे होतात. शिवाय १८७४ च्या उन्हाळ्यांत टोळांनीं कॅन्ससमधील शेतें खाऊन फस्त केलीं होतीं. अशा मुलुखांत बिऱ्हाड मांडावयास निराळें धैर्य लागतें.

या लोकांनीं रशियाहून येतांना तांबडा, टणक दाण्याचा 'टर्की' गहूं बियाण्यासाठीं आणिला. मुलांनीं एकेक दाणा निवडून पेट्या भरल्या, अशी कथा तिकडे आवडीनें सांगतात. इतिहासकार तिच्यावर फारसा भरंवसा ठेवीत नाहींत. पण गहूं खरा होता. तो शरदांत पेरावयाचा, हिंवाळाभर बर्फाखालीं राहावयाचा, आणि उन्हाळ्याची झळ लागण्यापूर्वींच कापणीस यावयाचा. कॅन्ससच्या हवेस तो फार मानवला. अडचण आली ती गिरणींत. दगडी तळीखालीं त्याचा ठिसूळ कोंडा चुरा होऊन पिठांत मिसळे व पीठ काळपट दिसे. म्हणून गिरणीवाले नाकें मुरडीत आणि भाव पाडून देत.

त्याच सुमारास हंगेरीकडून लोखंडी रुळांच्या गिरण्यांची पद्धत अमेरिकेंत आली. दाणा एकदम न चिरडतां तो अनेक रुळजोड्यांतून हळूहळू फोडावयाचा, रवा पाखडून कोंड्यापासून निराळा करावयाचा आणि मगच त्याचें पीठ काढावयाचें. दळण्यापूर्वीं गहूं पाण्यानें मुरवावयाचा, हें ओघानेंच आलें! जो गहूं टाकाऊ ठरत होता त्याचेंच पीठ पावासाठीं सर्वोत्तम ठरलें. वार्केंटिन यांनीं पुढें न्यूटन येथें मोठी गिरणी चालविली आणि रशियाहून बियाणें आणविण्यांतही पुढाकार घेतला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅन्ससच्या बहुतेक गव्हाळ जमिनींत याच जातीचा गहूं डोलत होता.

येथवर ही यशाची कथा झाली. परंतु तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. ज्या जमिनीवर या शांतिव्रती लोकांनीं नांगर धरला, ती त्यांना आगगाडीच्या कंपनीनें विकली. कंपनीस ती सरकारनें दिली, आणि सरकारनें ती मूळच्या रहिवाशांपासून करारांनीं व दडपणानें घेतली होती. शिष्टमंडळ जमीन पाहत फिरत होतें त्याच १८७३ सालीं कान्झा जमातीस त्या प्रांतांतून दक्षिणेकडे हलविण्यांत आलें. स्वतः शस्त्र न धरणाऱ्यालाही दुसऱ्याच्या बळाचें फळ नकळत पदरीं पडतें. व्रताची ही कसोटी सैन्यभरतीच्या कसोटीहून सूक्ष्म आहे, आणि ती केवळ मेनोनाइटांनाच लागूं पडते असें नाहीं.

मिळविलेली संपत्ति मात्र त्यांनीं समाजाच्या कामीं लाविली. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बेथेल कॉलेजच्या आधारस्तंभांत वार्केंटिन व गर्त्स हे दोघेही होते. हे गर्त्स आपल्याही ओळखीचे असावयास हवेत. छपन्नच्या दुष्काळांत, म्हणजे १९०० सालीं, मेनोनाइटांनीं पाठविलेल्या धान्याच्या मदतीच्या कामासाठीं ते स्वतः हिंदुस्थानांत आले होते. १८९९ पासून तेव्हांच्या मध्यप्रांतांतील धमतरी येथें त्यांच्या पंथाचें मिशनही काम करूं लागलें होतें. रशियांतून परागंदा झालेल्यांनीं सुमारें पंचवीस वर्षांतच दूरच्या उपाशी माणसांची आठवण ठेवावी, ही गोष्ट लहान नव्हे.

१९०८ सालीं वार्केंटिन पूर्वेकडील देशांच्या प्रवासास गेले असतां सीरियांत आगगाडींत दुसऱ्या एका उतारूचें पिस्तूल चुकून उडालें, आणि ती गोळी लागून त्यांचा अंत झाला. शस्त्राचा संपर्क टाळण्यासाठीं ज्यांच्या समाजानें देश सोडला, त्यांना मरण यावें तें अशा रीतीनें. दैवाच्या या क्रूरपणावर भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतों. व्रत एकट्या माणसाच्या अंतःकरणांतही जिवंत राहतें. पण तें मुलांनातवंडांच्या हातीं द्यावयाचें तर त्यांच्या पोटाची सोय कोणीतरी करावीच लागते. ती सोय करतांना जमीन कोणाची, पीठ कोणाच्या वांट्याला, हेंही ज्याचें त्यानें स्वतःस विचारीत राहावें.